तिसरा आकडा

"तिसरा आकडा या घाटात दिसता कामा नये," तात्या भोर मला म्हणाले. "दशांशाच्या पुढं दोन आकडे. दोनच. तिसरा दिसला तर आधी तुझा कॉम्प्युटर फोडीन, मंग बाकीचं."

मी बरं म्हटलं. यात्रा कमिटीचा अध्यक्ष सकाळी सकाळी स्टेजवर काठी आपटत बोलत असेल तर बरंच म्हणायचं असतं. शिवाय त्यांच्या बोलण्याला कारण होतं. आदल्या वर्षी सगळ्यात वेगवान गाड्याच्या बक्षिसाला दोन गाडे बरोबरीत आले. बोर्डावरच्या आकड्यांत फरक सापडेना, तेव्हा कोणीतरी हुशारी करून मशीनच्या पोटातला तिसरा आकडा बाहेर काढला आणि त्यावरून एकाला वर केलं, एकाला खाली. त्या फरकावरून मांडवात अशी जुंपली, की वरच्या आळीतल्या एकाचा कान दुसऱ्याच्या दातांत राहिला. तो परत जोडता आला नाही. मग कमिटी बसली, चहा झाला, आणि ठराव झाला की तिसरा आकडा बंद. ज्यानं चावलं त्याला कोणी काही बोललं नाही. सगळा दोष आकड्याचा.

ही आमच्या खडकदऱ्याच्या बैलगाडा शर्यतीची गोष्ट. घाट म्हणजे डोंगराच्या पोटाला लागलेला चढ. खालून गाडा सुटतो, त्याला चार बैल, पुढं एक घोडी, आणि वर दोन खांबांमधून किरण जातो. गाडा किरण तोडतो तेव्हा घड्याळ थांबतं. जो गाडा अकराच्या आकड्यात, म्हणजे बारा पुरे व्हायच्या आत आला, तो पहिल्या नंबरात, मग असे चार असोत की एक. बारा सेकंद झाले की दुसरा नंबर. दुसरा नंबर म्हणजे टाळ्या आणि नारळ. पहिला नंबर म्हणजे स्टेजवरून नाव पुकारलं जातं, त्याच क्षणी हलगी कडाडते, आणि मालकाला तिथंच खांद्यावर घेऊन भंडाऱ्यात बुडवतात. मालक कोण, कुणाचा वैरी, कुणाशी त्याची कोर्टकचेरी चालली आहे, हे तेव्हा कोणी बघत नाही. हलगी वाजली की खांदा द्यायचा, अशी रीत.

मी तालुक्याला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. घड्याळाच्या मशीनमध्ये प्रत्येक धावेची एक ओळ साठायची. टोकन नंबर, सुटल्याची वेळ, पोचल्याची वेळ, सगळं इंग्रजीत आणि एकाला एक चिकटून. माणसानं वाचावं असं त्यात काही नव्हतं. ते मी एक्सेलच्या तक्त्यात ओढून घ्यायचे, वजाबाकी करायचे, टोकनपुढं मालकाचं नाव आणि गाव बसवायचे, आणि मराठी आकड्यांत मोठ्या ठशांत कागद छापून द्यायचे. मोठ्या ठशांत, कारण वाचणारा माणूस स्टेजवर चष्मा लावत नसे.

तो वाचणारा म्हणजे माझा सख्खा मामा, बबन गावडे. वडील गेल्यावर आई मला घेऊन माहेरी आली, तेव्हापासून मामानंच मला वाढवलं, शिकवलं. त्याला शेती बेताची, शाळा त्याहून बेताची, पण आवाज असा की कर्णे बंद पडले तरी खालच्या पट्ट्यातले बैल कान टवकारायचे. पंचक्रोशीतल्या प्रत्येक घाटाला निवेदक म्हणून मामाच लागे. "अकराऽऽ" हा शब्द तो असा ओढायचा की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. त्या आवाजावर आमचं घर चालायचं, आणि खरं सांगायचं तर मामाचा सगळा तोराही त्या आवाजावरच होता.

"कुंदे, आकडे मोठे काढ," तो त्या दिवशीही म्हणाला. "मागल्या खेपेला मुंग्या काढल्या होत्यास."

"चष्मा लाव ना मग."

"चष्म्यातनं आवाज नाय येत," मामा म्हणाला आणि फेट्याचा शेमला पुढं घेऊन माईकपाशी जाऊन उभा राहिला.

दुपारी हिरामण वाबळेचा गाडा सुटला. हिरामण म्हणजे उंचापुरा, रागीट, हात आधी आणि तोंड मग असा माणूस. बरीच वर्षं तो या घाटात गाडा आणत होता आणि बरीच वर्षं बारातच अडकत होता. लोक त्याला तोंडावर 'दादा' म्हणत आणि पाठीमागं 'बाराचा वाबळे'. हे त्याच्या कानावर जात नव्हतं असं नाही. आदल्या दिवशी त्यानं चार माणसांत सांगून टाकलं होतं, की यंदा अकरा आलं नाही तर गाडा मोडून चुलीत घालीन आणि पुन्हा या घाटाचं तोंड बघणार नाही.

गाडा आला तो धुळीचा लोटच वर आला. वर बोर्डावर लाल आकडे थांबले: ११.९९.

"अकराऽऽ!" मामानं असा आवाज दिला की समोरच्या डोंगरावरून तो परत आला. "अकरा नव्व्याण्णव! हिरामण वाबळे! काठावर पाय ठेवून आला, पण अकरात आला गडी!"

हिरामण बैलाच्या गळ्यात पडून रडला. एवढा दांडगा माणूस, पण लहान पोरासारखा रडला. मग त्यानं पेढ्यांची टोपलीच्या टोपली उघडली आणि घाटभर पेढे वाटले. स्टेजवरही आणून दिले. मला दोन दिले. "खा पोरी," म्हणाला, "तुझ्या मशीननं आज आब्रू राखली." खांद्यावर घेणं बाकी होतं, कारण ते संध्याकाळी, कागदावरून निकाल वाचल्यावरच होई. हा नियमही कमिटीचाच: बोर्डावर काही दिसो, कागद खरा.

शेवटचा गाडा झाला तेव्हा उन्हं कलली होती. मी ओळी ओढून घेतल्या, तात्यांच्या हुकमाप्रमाणे वेळेच्या रकान्याला दशांशापुढं दोनच घरं ठेवली, कागद काढला. तात्या प्रिंटरच्या तोंडाशी उभे होते. त्यांनी कागद गरमागरम उचलला, तिसरा आकडा कुठं नाही ना एवढं बघितलं, सही ठोकली आणि मामाच्या हातात दिला. त्यांच्या जावयाचाही गाडा होता, तो अकरात आला होता, हेही त्यांनी बघितलं असावं.

मामा वाचू लागला. पहिल्या नंबरात तीन नावं. तिन्ही वेळा हलगी वाजली, तिन्ही मालक खांद्यावर गेले, घाट पिवळा झाला. हिरामण स्टेजच्या पायरीशी नवा फेटा बांधून उभा होता. त्याच्या भावकीतली पोरं त्याला उचलायला बाह्या सरसावून तयार होती.

मामानं पुढची ओळ बघितली आणि थांबला. कागद लांब धरला, मग जवळ आणला. मग माझ्याकडं बघितलं. कधी नव्हे ते त्याला चष्मा हवा होता असं मला वाटलं. पण आकडे मीच मोठे काढले होते, वाचण्यात चूक होण्यासारखी नव्हती.

"कागदावर आहे ते वाचतोय," मामा हळू आवाजात म्हणाला. त्याचा हळू आवाजही कर्ण्यातून घाटभर गेला. "दुसरा नंबर. हिरामण वाबळे. बारा सेकंद."

उचलायला आलेल्या पोरांचे हात वरच्या वर राहिले. मग कोणीतरी हसलं. खालच्या बाजूनं, गर्दीतून, एकच माणूस फिसकन हसला आणि म्हणाला, "बाराचा वाबळे!" त्या माणसाचं नाव कधीच कळलं नाही. पुढचं सगळं त्या हसण्यानं झालं असं मला अजून वाटतं.

हिरामण पायऱ्या न चढता थेट स्टेजवर उडी मारून आला. "बबन्या, काय वाचलंस?"

"हिरामण, कागदावर..."

"दुपारी याच तोंडानं अकरा म्हणालास ना? घाटभर पेढे वाटले मी! पेढे खाल्लेस तू माझे!"

"खाल्ले. पर कागद खरा धरायचा असा..."

"किती खाल्लेस आणखी? तात्याचा जावई अकरात आणि मी बारात? काय दिलं तात्यानं, सांग घाटाला!"

"गळ्याची आण, हिरामण, एक पैसा घेतला नाय मी."

हिरामणनं कागद हिसकून फाडला. मामानं त्याचा हात धरला, तोही समजूत घालायला धरल्यासारखा. हिरामणनं झटका देऊन हात सोडवला, समोरचा माईकचा लोखंडी स्टँड दोन्ही हातांनी उचलला आणि आडवा फिरवला. माईक स्टँडलाच अडकवलेला होता आणि चालू होता. मामाचा जबडा मोडल्याचा आवाज सगळ्या घाटानं ऐकला. वाळलेलं लाकूड गुडघ्यावर मोडावं तसा आवाज, सगळ्या कर्ण्यांतून एकदम आला.

एवढं झाल्यावर तरी लोक धावतील असं मला वाटलं होतं. धावले, पण मामाला सावरायला नाही. "पैसे खाल्ले! पैसे खाल्ले!" असा गलका उठला आणि दगड आले. बोर्ड फुटला. मांडवाचा एक बांबू निसटून कापड आमच्यावर लोंबलं. हिरामणच्या भावकीतल्या दोघांनी प्रिंटर उचलून खाली फेकला, तो खाली बसलेल्या एका म्हाताऱ्याच्या पायावर पडला आणि तो म्हातारा बोंबलत राहिला. तात्या कुठं दिसेनात. काठी मात्र स्टेजवर पडलेली होती, ती कोणीतरी उचलली आणि मामाच्या पाठीत घातली. बंदोबस्ताला आलेले दोन पोलीस गाड्यांच्या तळावर होते, तिथून त्यांना यायला वाट नव्हती आणि फारशी हौसही दिसली नाही.

मी लॅपटॉप पोटाशी धरून टेबलाखाली शिरले होते. टेबलाखालून मला मामाचं तोंड दिसत होतं. खालचा जबडा एका बाजूला सरकला होता, तोंड मिटत नव्हतं आणि रक्ताबरोबर दात येत होते. तो उठायला बघत होता आणि लोक त्याला लाथांनी परत खाली बसवत होते. मी किंचाळत होते, पण माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता.

कोणीतरी टेबल उलटं केलं. हिरामणनं माझी वेणी मनगटाला गुंडाळली आणि मला उभं केलं.

"ह्यात आहे ना खरं?" त्यानं लॅपटॉपकडं बोट केलं. "काढ. काढ आणि घाटाला सांग, मामानं पैसे खाऊन आकडा बदलला. सांग, नाय तर त्याला इथंच संपवतो."

त्यानं पाय मामाच्या छातीवर ठेवला. त्याच्या भावकीतल्या एकानं स्टँडवरचा माईक ओढून काढला आणि माझ्या तोंडापुढं धरला. हिरामणच्या दुसऱ्या हातात स्टँड होताच. मी हो म्हटलं असतं तर मामा सुटला असता. जीव वाचला असता आणि नाव गेलं असतं. निवेदकानं एकदा पैसे खाल्ले असं ठरलं की त्याला घाटच काय, बारशालाही कोणी बोलावत नाही. पण मी तेव्हा एवढा विचार केला असं म्हणणं खोटं होईल. मी सांगायला तयार झाले होते. हवं ते सांगायला तयार झाले होते. वेणीला झटका बसला म्हणून मी घाईघाईनं लॅपटॉप उघडला आणि सवयीनं मशीनमधली मूळ ओळ काढली. दोन वेळांतली वजाबाकी निघाली ११.९९६.

माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. आणि राग आला. एवढा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. तिसऱ्या आकड्यावर आला, तात्यांवर आला, आणि माझी वेणी धरून उभ्या असलेल्या या रेड्यावर तर असा आला की भीती कुठल्या कुठं गेली.

"वाचते," मी माईकवर ओरडले. "मशीन काय म्हणतं ते वाचते. ऐकायचं असेल तर दगड खाली टाका! अकरा पॉइंट नऊ, नऊ, सहा!"

"सहा कुठला?" खालून कोणीतरी म्हणालं.

"तिसरा आकडा! तुमच्या कमिटीनं बंद केलेला! डेअरीला दूध घालता ना? फॅटचं मशीन चार पॉइंट अठ्ठावीस दाखवतं, पावतीवर किती येतं?"

 सवयीचा राग असतो तसा आवाज आला, "चार पॉइंट दोन!"

"मागचं कुठं जातं?"

"चेअरमनच्या घशात!"

"ते कापतात. आपल्या बोर्डानं तसंच कापलं. मागचा सहा कापला, राहिलं अकरा नव्व्याण्णव. मामानं दुपारी तेच पुकारलं. आणि दुकानदार नव्व्याण्णव रुपये साठ पैशांचे किती धरतो?"

"शंभर!"

"कॉम्प्युटरनं तसं केलं. दोनच आकडे ठेव म्हटलं, तर त्यानं कापलं नाही, पुरं केलं. अकरा नव्व्याण्णव सहाचे बारा केले. कोणी बदललं नाही, कोणी पैसे खाल्ले नाहीत! मामानं जे समोर आलं ते वाचलं! दुपारचंही आणि आत्ताचंही!"

माझा श्वास संपला. दगड खाली पडल्याचे आवाज आले, एकेक. हिरामणच्या मनगटावरची माझी वेणी सैल झाली. तो माझ्या पडद्याकडं बघत होता. त्याला तो आकडा वाचता येत होता की नाही कोण जाणे, पण समजलं होतं. त्याचा पाय मामाच्या छातीवरून आपोआप खाली आला.

"मंग माझं अकराच..." तो पुटपुटला.

खालून एक जाडा आवाज आला, "म्हंजे बबनमामानं काय खाल्लंच नाय."

"आणि यानं मामाचं तोंड फोडलं!"

"वाबळ्याला खाली ओढा!"

हीच माणसं. मघाशी ज्यांनी मामाच्या पाठीत काठी घातली, त्यांतले दोघे मी ओळखत होते. त्यांनीच पहिला हात घातला. हिरामणला पाय धरून स्टेजवरून ओढला, तसं त्याचं डोकं पायऱ्यांवर आपटत खाली गेलं. त्याची भावकी बघता बघता पांगली. मग मला फक्त वर-खाली होणाऱ्या काठ्या दिसत होत्या. कोणीतरी गाड्याचा दांडा आणला. कोणीतरी मघाचाच दगड पुन्हा उचलला. हिरामण पहिल्यांदा शिव्या देत होता, मग 'आई' म्हणाला, मग काही बोलेना.

मला बरं वाटलं. स्पष्टच लिहिते, फार बरं वाटलं. माझ्या मामाचा जबडा लोंबत होता, आणि तो मोडणाऱ्याचं डोकं फुटत होतं. मला आणखी हवं होतं. मी मामाचं डोकं मांडीवर घेतलं, ओढणी त्याच्या हनुवटीखालून बांधली आणि त्याला म्हणाले, "बघ मामा, त्याला मारताहेत."

मामानं बघितलं. मग त्यानं माझं मनगट धरलं आणि माईककडं नेलं. मला कळेना. त्यानं दोन्ही हातांच्या तर्जन्या वर केल्या. शेजारी शेजारी धरल्या. एक आणि एक.

मी मान हलवली. "नाही. मी नाही म्हणणार."

त्यानं पुन्हा बोटं वर केली. घशातून आवाज काढायचा प्रयत्न केला, तर नुसतं रक्त आलं आणि तो कळवळला. मग डोळे वटारले. लहानपणी मी आईला उलट बोलले की तो जसे वटारायचा तसेच. आणि तिसऱ्यांदा ती दोन बोटं माझ्या नाकासमोर धरली. बोटं खाली येत नव्हती.

खाली दांडा पुन्हा वर गेला होता.

मी माईक उचलला. मामाचं पुकारणं मी लहानपणापासून ऐकत आले होते; भांडी घासताना त्याची नक्कल करून आईला हसवायचे. त्याच्याच चालीवर, पोटातून, रडत रडत ओरडले:

"अकराऽऽ! पहिला नंबर! हिरामण वाबळे! अकराऽऽ नव्व्याण्णव!"

हलगीवाला शिवराम स्टेजच्या मागं, ढोलाच्या आड जीव मुठीत धरून बसला होता. त्यानं नंतर मला सांगितलं, की काय चाललंय, कोण जिंकलं, कोण मेलं, त्याला काही माहीत नव्हतं. कानावर 'पहिला नंबर' आलं आणि हात चालले. बापापासूनचे हात ते. हलगी कडाडली.

दांडा वरच्या वर थांबला. ज्यानं तो धरला होता त्यानं इकडं तिकडं बघितलं, जागं झाल्यासारखं. हलगी थांबेना. मी पुन्हा ओरडले, पुन्हा ओरडले. मग मागून कोणीतरी मूठभर भंडारा उधळला, कशासाठी ते त्याला तरी ठाऊक असेल की नाही. आणि काठ्या पडल्या, आणि हात खाली गेले, आणि हिरामण वाबळे वर आला. खांद्यांवर. शुद्ध नव्हती. एक हात नको तिकडं वळून लोंबत होता, नवा फेटा गळ्यात आला होता, एक डोळा कुठं होता ते दिसत नव्हतं. लोक त्याला नाचवत होते. भंडारा रक्तावर पडून त्याचा चिखल झाला होता. काही जण खरोखरच 'अकरा! अकरा!' ओरडत होते, आणि त्यांच्या हातावरचं रक्त त्याचंच होतं. असं मी नंतर कधी पाहिलं नाही, आणि पाहायचंही नाही.

पण खांद्यावरच्या माणसाला कोणी मारत नाही. त्याला तसाच नाचवत गाड्यांच्या तळापर्यंत नेला, आणि तिथं जीप होती. त्याच जीपमध्ये मामाला घातलं. तालुक्याला पोचेपर्यंत मी दोघांच्या मध्ये बसले होते.

हिरामण जगला. डावा डोळा गेला, हात वाकडाच बसला. पोलीस आले, जबाब झाले. मामाचा जबडा मोडल्याचा जो आवाज अख्ख्या घाटानं कर्ण्यावरून ऐकला, तो पंचनाम्यात कोणीच ऐकला नव्हता. हिरामणला कोणी मारलं तेही कोणी पाहिलं नव्हतं. तात्या भोर तर त्या वेळी देवळात होते, असं स्वतः तात्याच म्हणाले. पुढच्या वर्षी कमिटी बसली, चहा झाला, आणि बोर्ड आणि कॉम्प्युटर दोघांनीही यापुढं कापायचंच, असा ठराव एकमतानं झाला. माणसाला मारू नये असा ठराव कोणी मांडला नाही.

मामाचा जबडा तारांनी बांधला होता. तो पातळ पेज नळीनं प्यायचा आणि खिडकीबाहेर बघत राहायचा. मी रोज त्याच्याजवळ बसायचे, आणि एकच गोष्ट मला आतून खात होती. ती मी त्याला विचारत नव्हते, कारण उत्तर द्यायला त्याला तोंड नव्हतं. तारा काढल्या त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, बोलता येईल, पण पूर्वीसारखं नाही. ते खरं ठरलं. त्याचे शब्द एका बाजूनं निसटायचे, आणि 'अकरा' तर त्याला पुन्हा कधीच म्हणता आलं नाही. घाटावर मग मला बोलावू लागले. अजून मीच जाते.

त्या दिवशी घरी येताना एसटीत मी त्याला विचारलं, "मामा, त्याला कशाला वाचवलंस? त्यानं तुझा आवाज नेला."

मामानं बराच वेळ जबडा हातानं धरून शब्द जुळवले.

"वाचवलं कुठं," तो म्हणाला. "निकाल द्यायचा राहिला होता."